पेशी कशी मरते आणि माणूस कसा वाचतो



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते डॉक्टर या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातले तापाचे रोगी तपासण्यातच झिजले. म्हणून मीही तापाचाच विषय घेतला आहे. फ्लूचा विषाणू अंगात शिरला की पेशी मरतात हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. त्या नेमक्या कशा मरतात हे मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांतच उलगडत गेलं. विकृतिशास्त्र हा माझा विषय. मेलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझी उमर गेली. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे: फ्लूमध्ये किती पेशी मेल्या यापेक्षा त्या कोणत्या रीतीने मेल्या, यावर रोग्याचं पुढचं जास्त ठरतं. आज मला हेच मांडायचं आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या पोलीस दलातले सात शिपाई तापाने फणफणून इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमणुकीला होता. ताप हिवतापाचा नव्हता. महायुद्ध चालू होतं, जहाजं सैनिकांना घेऊन ये-जा करत होती. जून संपायच्या आत शहर आजारी पडलं. ती पहिली लाट तशी सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली आणि तिने हाहाकार केला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं दगावली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, माणसं आधीच खंगलेली होती. आपल्या आज्या-पणज्या ज्या साथीला मानमोडी म्हणत ती हीच. देशभरात किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या आदल्या जनगणनेपेक्षा कमी भरली. असं पुन्हा कधी घडलेलं नाही.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग कल्याणला फुटतो. एक वाट कसाऱ्याकडे जाते, दुसरी अंबरनाथ, बदलापूर, कर्जत करत पुण्याकडे. साथ देशात पसरली ती याच रुळांवरून. अंबरनाथ तेव्हा शिलाहारांच्या देवळाभोवतीचं खेडं होतं. उल्हासनगर नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी उठली, फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्या बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाला हे नाव मिळालं. पण या सभागृहात बसलेल्या सिंधी कुटुंबांनीही हे लक्षात घ्यावं की सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, आणि १९१८ च्या साथीने कराची बंदरालाही सोडलं नाही. तुमचे आणि माझे पणजोबा एकाच सरकारच्या मृत्यूच्या नोंदवहीत आहेत.

त्या साथीत दोन गोष्टी डॉक्टरांना चक्रावून टाकत होत्या. एरवी फ्लू लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना नेतो. इथे वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं जात होती. आणि काहींची फुप्फुसं तर दोन-तीन दिवसांत पाणी आणि रक्ताने भरून जात. रोगाचं मूळ काय, यावरही एकमत नव्हतं. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी एका जिवाणूला जबाबदार धरलं होतं आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्याच मागे लागल्या होत्या. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला तो थेट १९३३ मध्ये, लंडनला, फेरेट नावाच्या प्राण्यावर केलेल्या प्रयोगांतून. म्हणजे मानमोडीच्या काळात डॉक्टर ज्याच्याशी झुंजत होते ते त्यांना दिसलेलंच नव्हतं.

आता त्या विषाणूकडे वळू.

फ्लूचा विषाणू म्हणजे आरएनएचे आठ तुकडे, त्यांना धरून असलेली प्रथिनं आणि भोवती चरबीचा एक पापुद्रा. त्या पापुद्र्यावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आपल्या श्वासनलिकेच्या पेशींवर असलेल्या सायलिक आम्लाला चिकटतं. आपल्या नाका-घशात आणि वरच्या श्वासमार्गात ज्या जोडणीचं सायलिक आम्ल जास्त असतं, ते माणसाचा फ्लू पसंत करतो. पक्ष्यांचा फ्लू ज्या जोडणीला चिकटतो ती आपल्यात जास्त करून खोल फुप्फुसात आढळते. म्हणून पक्ष्यांचा फ्लू माणसाला सहज लागत नाही, आणि लागला तर खोलवर, भयंकर लागतो.

पेशी या पाहुण्याला आत ओढून घेते. आतल्या आम्लतेने विषाणूचा पापुद्रा उघडतो आणि आठही तुकडे पेशीच्या केंद्रकात जातात. ही बाब नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आरएनए असलेले बहुतेक विषाणू आपलं काम केंद्रकाच्या बाहेरच उरकतात. फ्लूचा विषाणू केंद्रकात घुसतो आणि तिथे स्वतःच्या नकला काढतो. सहा ते आठ तासांत त्या पेशीतून नवे विषाणू बाहेर पडू लागतात.

बऱ्याच लोकांची अशी समजूत असते की विषाणूंच्या गर्दीने पेशी फुगते, फुटते आणि मरते. फ्लूमध्ये तसं होत नाही. फ्लूचे विषाणू पेशीच्या पडद्यातून एकेक करून, पडद्याचाच तुकडा अंगावर घेऊन बाहेर पडतात. त्यासाठी पेशी फुटायची गरज नसते. पेशी मरते ती बहुतांशी स्वतःच्याच यंत्रणेने, आपल्या आत परका आला आहे हे ओळखून.

पेशी हे ओळखते कशी, यावर बरीच वर्षं नुसते तर्क चालले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी एका प्रथिनाकडे बोट दाखवलं. त्याचं नाव झेडबीपी१. एक प्रयोगशाळा फिलाडेल्फियात सिद्धार्थ बालचंद्रन यांची, दुसरी मेम्फिसच्या सेंट ज्यूड बालरुग्णालयात तिरुमलादेवी कन्नेगंटी यांची. कन्नेगंटी आपल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून शिकलेल्या. त्यांचं शिक्षण वनस्पतींच्या रोगांतलं. पिकांच्या रोगांचा अभ्यास करून निघालेली बाई फ्लूच्या मुळाशी जाऊन पोचली, याचा मला फार आनंद वाटतो.

झेडबीपी१ काय पकडतं हे कळायला आणखी चार वर्षं लागली. डीएनए किंवा दुपदरी आरएनए यांचा पीळ साधारणपणे उजवीकडे वळणारा असतो. १९७९ मध्ये अलेक्झांडर रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डावीकडे वळणारा पीळ दाखवला. तो दिसायला नागमोडी, म्हणून त्याला झेड हे अक्षर चिकटलं. पुढची कित्येक वर्षं जीवशास्त्रज्ञांना तो प्रयोगशाळेतला चमत्कार वाटे. जिवंत शरीरात त्याचं काम काय, हे कोणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. २०२० मध्ये बालचंद्रन यांच्या गटाने दाखवलं की फ्लूचा विषाणू केंद्रकात घाईघाईने नकला काढताना ज्या तुटक, सदोष प्रती तयार होतात, त्यांतून असा डाव्या पिळाचा आरएनए निर्माण होतो आणि झेडबीपी१ नेमका त्यालाच धरतं. त्याच्या जागी उजवा पीळ असता तर पेशीला आपलं आणि परकं सहज वेगळं करता आलं नसतं.

खूण पटली की झेडबीपी१ आरआयपीके३ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं. इथे वाट पुन्हा फुटते.

एका वाटेवरचं मरण म्हणजे ॲपॉप्टॉसिस. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी याचं वर्णन केलं. पेशी आक्रसते, केंद्रकातला डीएनए बारीक तुकड्यांत कापला जातो, आणि पेशी पडद्यात गुंडाळलेल्या लहान लहान पुड्या होऊन सुटी होते. भक्षक पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. बाहेर काहीच सांडत नाही. दुसऱ्या वाटेवरचं मरण म्हणजे नेक्रॉप्टॉसिस. तिथे आरआयपीके३ एमएलकेएल या प्रथिनाला कामाला लावतं, ते पडद्यात भोकं पाडतं आणि पेशी फाटून आतलं सगळं बाहेर ओतते.

इथल्या लोकांना हा फरक समजावायला मला लांब जावं लागणार नाही. महापालिकेने धोकादायक ठरवलेली इमारत आधी रिकामी करतात, वीज-पाणी तोडतात, मग वरून एकेक मजला उतरवतात. शेजारच्या इमारतीतल्या माणसाला धुळीपलीकडे काही त्रास होत नाही. आणि मे २०२१ मध्ये उल्हासनगरात एकाच महिन्यात दोनदा स्लॅब कोसळले तेव्हा काय झालं, तेही तुम्ही पाहिलं आहे. वरचा स्लॅब खालच्यावर पडला, खालचा त्याच्या खालच्यावर, आणि ज्यांच्या घरात काहीच बिघडलं नव्हतं तीही माणसं गेली. दोन्हीकडे इमारत गेलीच. शेजाऱ्याचं काय झालं, फरक तिथे आहे.

फ्लूमधल्या नेक्रॉप्टॉसिसमध्ये आणखी एक खास गोष्ट घडते. डाव्या पिळाचा आरएनए केंद्रकात असतो, झेडबीपी१ त्याला तिथेच धरतं, त्यामुळे एमएलकेएलही तिथेच जागं होतं. म्हणून आधी केंद्रकाचा पडदा फाटतो, मग पेशीचा. केंद्रकातला डीएनए आणि इतर द्रव्यं उघड्यावर येतात. ती दिसताच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी झुंडीने धावून येतात. त्यांच्याकडची विकरं जिवाणू मारायला असतात, पण ती सोडली की आसपासचं निरोगी फुप्फुसही भाजून निघतं.

तिसरी एक रीत आहे, पायरॉप्टॉसिस. तीही पेशीच्या पडद्यात भोकं पाडणारी आणि दाह भडकवणारी. कन्नेगंटी यांचं म्हणणं असं की या तिन्ही रीती एकमेकींपासून वेगळ्या चालत नाहीत, एकाच यंत्रणेत गुंफलेल्या असतात. त्यांनी या एकत्र मरणाला पॅनॉप्टॉसिस असं नाव दिलं आहे. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत आणि मी त्यात आज शिरत नाही.

विषाणू या सगळ्यात स्वस्थ बसलेला नसतो. त्याचं एनएस१ हे प्रथिन पेशीच्या धोक्याच्या सूचना दाबून ठेवतं, कारण पेशी लवकर मेली तर विषाणूला पुरेशा नकला काढता येत नाहीत. पीबी१-एफ२ नावाचं दुसरं एक प्रथिन २००१ मध्ये सापडलं. ते पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं आणि पेशीला मरणाकडे ढकलतं. १९१८ च्या विषाणूतल्या या प्रथिनात एका ठिकाणी जो बदल होता, तो फ्लूच्या दुसऱ्या विषाणूत घातला तर उंदरांचा आजार तीव्र होतो.

१९१८ चा विषाणू आज कसा मिळाला, असं कोणी विचारेल. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन या वस्तीत त्या साथीत मेलेल्यांना गोठलेल्या जमिनीत पुरलं होतं. योहान हुल्टिन हा माणूस १९५१ मध्ये तिथे गेला आणि नमुने घेऊन आला, पण त्यांतून विषाणू वाढवता आला नाही. १९९७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तो पुन्हा गेला आणि एका बाईच्या फुप्फुसाचे नमुने घेऊन आला. जेफ्री टाउबेनबर्गर यांच्या गटाने त्यावरून आणि जुन्या लष्करी नमुन्यांवरून विषाणूचा पूर्ण आराखडा वाचला आणि २००५ मध्ये तो विषाणू पुन्हा घडवण्यात आला. पुढच्या वर्षी उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की या विषाणूने फुप्फुसातली दाहाची आणि पेशीमृत्यूची जनुकं नेहमीच्या फ्लूपेक्षा कितीतरी जोराने, आणि लवकर, चेतवली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन दिवसांत भरलेली जी फुप्फुसं बघितली, त्यांचं निदान सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांनी असं हाती आलं.

एवढं ऐकल्यावर वाटेल की मग पेशीचं हे मरणच थांबवावं. तसं केलं तर रोगी वाचत नाही, उलट लवकर जातो. आरआयपीके३ नसलेल्या उंदरांना फ्लू दिला तर विषाणू मोकाट वाढतो आणि ते उंदीर मरतात. विषाणू लागलेली पेशी वेळेवर मरणं हेच शरीराचं पहिलं संरक्षण आहे. पेशीने स्वतःला संपवून कारखानाच बंद केला, म्हणजे शेजारच्या पेशी वाचतात. म्हणून प्रश्न उरतो तो रीतीचा. ॲपॉप्टॉसिसने मेलेल्या पेशी विषाणू संपवतात आणि फुप्फुस शाबूत ठेवतात. नेक्रॉप्टॉसिसने मेलेल्याही विषाणू संपवतात, पण त्या प्रमाणाबाहेर गेल्या की फुप्फुसही संपवतात.

२०२४ मध्ये नेचर या नियतकालिकात याच विचारावर उभं असलेलं एक काम आलं. यूएच१५-३८ नावाचं एक रसायन आरआयपीके३ ची नेक्रॉप्टॉसिसकडे जाणारी वाट अडवतं, ॲपॉप्टॉसिसची मोकळी सोडतं. तीव्र फ्लू झालेल्या उंदरांना ते दिलं तेव्हा त्यांची फुप्फुसं कमी जळाली आणि ते जास्त संख्येने वाचले. संसर्गाला काही दिवस उलटल्यावर औषध सुरू केलं तरीही. विषाणू हटवण्याचं शरीराचं काम त्याने बिघडलं नाही. ही गोष्ट उंदरांमधली आहे, माणसात ती खरी ठरायची आहे. तरीही मला ती मोठी वाटते. आजवर फ्लूची औषधं विषाणूवर नेम धरत होती. हे औषध आपल्याच पेशीला सांगतं, मर, पण नीट मर.

आता पेशीवरून फुप्फुसाकडे येऊ, कारण माणूस फुप्फुसाने जातो.

श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसाळ पेशी असतात. त्यांचे केस अखंड हलत राहतात आणि धूळ, कफ, जंतू वर घशाकडे ढकलतात. फ्लू झालेल्या माणसाच्या श्वासनलिकेचा बारीक तुकडा काढून पाहिला तर हा थर कित्येक ठिकाणी गळून गेलेला दिसतो, खाली उरतो फक्त पायाच्या पेशींचा एक थर. याच पायाच्या पेशी पुढच्या काही आठवड्यांत वरचं अस्तर नव्याने विणतात. ताप गेल्यावरही खोकला का रेंगाळतो, ते यावरून कळेल. रोगी मला विचारत, रिपोर्ट चांगला आला तरी खोकला का जात नाही? अस्तर अजून भरून आलेलं नसतं, म्हणून.

त्या उघड्या पडलेल्या जागेवर जिवाणू उतरतात, न्यूमोकोकस आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस हे मुख्य. झाडणारे केस गेलेले. विषाणूच्या न्युरामिनिडेज या विकराने पेशींवरची आणि कफातली साखर सुटी केलेली, जिवाणूंना तीच खाद्य. जपून ठेवलेल्या १९१८ च्या फुप्फुसांचे काप पुन्हा तपासले गेले तेव्हा बहुतेकांत जिवाणूजन्य न्यूमोनियाचीच खूण मिळाली. विषाणूने पेशी मारल्या, पण माणसं बहुतांशी त्यामागून आलेल्या जिवाणूंनी गेली. पेनिसिलिनचा शोधही तेव्हा अजून दहा वर्षं दूर होता.

अजून खाली वायुकोश आहेत. त्यांच्या भिंतीचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग पहिल्या प्रकारच्या अतिशय पातळ पेशींनी व्यापलेला असतो. त्यांच्यातूनच प्राणवायू रक्तात जातो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी पसरट नसतात, पण त्या वायुकोश मिटू न देणारा द्राव तयार करतात, आणि पहिल्या प्रकारच्या मेल्या तर त्यांची जागाही याच पेशी भरून काढतात. विषाणू खाली उतरला की तो या दुसऱ्या प्रकारच्या पेशींना धरतो. त्या फाटून मेल्या की द्राव बंद होतो आणि दुरुस्तीही थांबते. रक्तातलं पाणी आत झिरपतं. सूक्ष्मदर्शकाखाली वायुकोशाच्या आतून मेलेल्या पेशींचा आणि प्रथिनांचा एक गुलाबी पापुद्रा चिकटलेला दिसतो. तो दिसला की ऑक्सिजन कितीही दिला तरी त्यातला रक्तापर्यंत फार थोडा पोचतो. असे काप मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी मनात आलं, चार-पाच दिवस आधी हा माणूस बसून चहा पीत असेल.

पुण्याने हे २००९ मध्ये जवळून पाहिलं. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, आणि ३ ऑगस्टला भारतातला या नव्या एच१एन१ चा पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला, चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, रस्त्यावर माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. तपासणीचा मोठा भार पडला तो पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेवर, १९५२ मध्ये स्थापन झालेल्या. त्या विषाणूत पीबी१-एफ२ अर्धवट, निरुपयोगी होतं. तरीही तरुण माणसं, गरोदर बायका गेल्या. यावरून मी एक गोष्ट शिकलो: विषाणूचं एखादं प्रथिन पाहून रोगाची तीव्रता सांगू नये, रोग्याच्या फुप्फुसात मरण कोणत्या रीतीने पसरतंय ते पाहावं. एच१एन१ त्यानंतर गेलेला नाही. २०१५ मध्ये देशात त्याचे ४२,५९२ रोगी नोंदले गेले आणि २,९९० दगावले.

आता ज्या आकड्याने मला बरीच वर्षं झोपू दिलेलं नाही, तो सांगतो. १९१८ मध्ये मुंबई शहरात फ्लूने गेलेल्यांचा हिशोब तेव्हाच्या सरकारने जातीधर्मावर मांडला होता. युरोपियनांत हजारी ८.३, पारशांत ९. आणि ज्यांना त्या कागदात खालच्या जातीचे हिंदू म्हटलं आहे त्यांच्यात हजारी ६१.६. युरोपियनांच्या सातपटीहून जास्त. दोघांच्या वायुकोशातल्या पेशी सारख्याच. झेडबीपी१ दोघांतही तेच, एमएलकेएलही तेच. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसं होती, पोटात अन्न नव्हतं, पाणी द्यायला, कूस बदलायला कोणी उभं राहत नव्हतं, तापात कामावर जावं लागत होतं. पेशी मरायला लागल्यापासून माणूस मरेपर्यंत मध्ये सहसा काही दिवस असतात. ते दिवस कोणाला मिळाले आणि कोणाला मिळाले नाहीत, हे त्या आकड्यात लिहिलेलं आहे. ज्याला पेशीचं विज्ञान शिकायचं आहे त्याने हा आकडाही पाठ करावा, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो.

हे दिवस आज इथे कसे जातात ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पहाटेची बदलापूर लोकल चुकली तर हजेरी जाते. अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. मग ताप अंगावर काढला जातो. पहिल्या दिवशी गोळी, दुसऱ्या दिवशी इंजेक्शन, तिसऱ्या दिवशी पुन्हा लोकलच्या दारात. ऑसेल्टामिव्हिर हे औषध नव्या विषाणूंना पेशीपासून सुटू देत नाही. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी, कारण त्यानंतर पुष्कळ पेशींचं मरण ठरून गेलेलं असतं. २००९ च्या साथीत सुरुवातीला हे औषध सरकारी दवाखान्याबाहेर मिळायचं नाही. २०१७ पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साध्या औषधांच्या दुकानात मिळू शकतं. म्हणजे अडचण आता औषधाची कमी आणि त्या ४८ तासांची जास्त आहे. ज्याला तीव्र आजार आहे, जो दम्याचा, मधुमेहाचा किंवा हृदयाचा रोगी आहे, जी बाई गरोदर आहे, त्यांच्या बाबतीत तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबायचं नसतं. आणि रुग्णालयात दाखल झालेल्याला ४८ तास उलटले तरी हे औषध द्यायचंच.

डॉक्टर मित्रांना एक विनंती. ताप लवकर उतरवण्यासाठी पहिल्याच दिवशी स्टेरॉइड देण्याची सवय या भागात अजून आहे. फ्लूच्या न्यूमोनियात स्टेरॉइड दिलेल्या रोग्यांत मृत्यू जास्त आढळले, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. दाह कमी करणं आणि पेशीला नीट मरू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेरॉइड सगळाच दाह दाबतं, विषाणूला वाव मिळतो, मागून येणाऱ्या जिवाणूंनाही.

आणि घरच्यांना हे: तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला, माणूस उठून बसला, आणि दोन दिवसांनी पुन्हा ताप चढला, कफ पिवळा किंवा रक्ताळ झाला, छातीत कळ आली, तर तो दुसरा ताप पहिल्यासारखा समजू नका. उघड्या अस्तरावर जिवाणू उतरले असण्याची शक्यता असते आणि तिथे प्रतिजैविक खरोखर लागतं. कोविडच्या वेळी घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले गेले. ते कपाटात पडून असतील. काढा, सेल बदला. आकडा ९४ च्या खाली आला की उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाकडे निघा, सकाळची वाट बघू नका.

महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि एक छोटी लाट जानेवारी ते मार्चमध्ये. लस अंगात काम करू लागायला दोन आठवडे लागतात. म्हणजे ती एप्रिल-मेमध्ये टोचायला हवी. आपल्याकडे बरेचदा साथीची बातमी पेपरात आल्यावर, ऑगस्टात, लोक लस शोधतात. बहुतेक वर्षी लशीतले विषाणू बदलतात, म्हणून गेल्या वर्षीची चालत नाही. लसीने फ्लू होणारच नाही असं नाही, पण विषाणू खोल वायुकोशापर्यंत उतरण्याआधीच त्याला अडवायला शरीर तयार असतं, आणि वरच्या सगळ्या चर्चेनंतर याचा अर्थ काय ते तुम्हाला सांगायला नको.

उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ व बदलापूर या दोन नगरपालिका, तिन्हींच्या आरोग्य खात्यांकडे इथल्या डॉक्टरांच्या संघटनांनी एक लेखी मागणी करावी असं मी सुचवतो. मे संपायच्या आत प्रत्येक पालिका दवाखान्यात गरोदर बायकांसाठी आणि साठीपुढच्या मधुमेहींसाठी फ्लूची लस, ऑसेल्टामिव्हिरच्या मोठ्यांच्या आणि लहान मुलांच्या मात्रा, आणि चालू स्थितीतला एक ऑक्सिमीटर असावा. संध्याकाळी, लोकल परतल्यानंतर, तापाची बाह्यरुग्ण तपासणी दोन तास उघडी असावी, म्हणजे ज्याला खाडा परवडत नाही त्यालाही पहिल्या ४८ तासांत डॉक्टर भेटेल. त्या पत्रावर सही करायला मी आज इथे थांबतो आहे.